दोन ओळींचं एन्क्रिप्शन आणि तीन शनिवार

बायकोचे मामा कऱ्हाडला डॉक्टर आहेत. छोटा दवाखाना, खाली औषधाचं दुकान, वर घर. तिथे २०११ पासून पीएचपीमध्ये लिहिलेलं एक सॉफ्टवेअर चालायचं, पेशंटची नोंद, आजार, मोबाइल नंबर, डॉक्टरांची टिपणं, एवढंच. ज्याने करून दिलं तो माणूस आता फोन उचलत नाही. दिवाळीत जुना कॉम्प्युटर गेला, नवीन मशीनवर दुकानदाराने सगळं नवीन टाकलं, पीएचपीपण नवीन, आणि मग सॉफ्टवेअर उघडलं की पांढरं पान. मामांचा फोन आला, "जावईबापू, तुमचं ते कॉम्प्युटरचंच काम ना?" या प्रश्नाला नाही म्हणता येत नाही हे लग्न झालेल्या प्रत्येक प्रोग्रामरला माहितीये.

मी ठरवलं की हे जुनं दुरुस्त करायचं नाही, पायथॉनमध्ये छोटंसं नवीन लिहायचं आणि डेटा उचलून आणायचा. एका शनिवारचं काम. डेटाबेस उघडला तर नाव सोडून सगळे कॉलम एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, आणि कोडमध्ये वर कमेंट, "एईएस २५६, मिलिटरी ग्रेड". म्हणलं बरंय की, कुणीतरी विचार केलाय. पायथॉनमध्ये एईएस दोन ओळींचं काम. झालं, तीन शनिवार गेले.

पहिली चूक माझीच. कुठल्यातरी जुन्या ट्यूटोरियलमध्ये बघून पायक्रिप्टो ही एन्क्रिप्शनची लायब्ररी इन्स्टॉल करायला गेलो. ते २०१३ नंतर रिलीजच झालेलं नाही, वर त्यात आयव्ही (एन्क्रिप्शन सुरू करताना द्यायची सुरुवातीची बाइट) हाताळताना मेमरी ओव्हरफ्लोचा एक गंभीर बगसुद्धा सापडलेला आहे, नवीन पायथॉनवर कंपाइलपण होत नाही धड. त्याच्या जागी पायक्रिप्टोडोम वापरायचं, जे त्याचाच फोर्क आहे आणि इम्पोर्ट करायचं नावपण तेच ठेवलंय, त्यामुळे दोन्ही एकाच मशीनवर पडले की कुणाचं कोण उचललं जातंय कळत नाही. हे मला माहीत होतं आणि तरी मी तेच केलं. अर्धा तास.

मग पायक्रिप्टोडोमने सरळ सांगितलं, आयव्ही १६ बाइटचा पाहिजे. माझ्याकडे होता ३२ चा. जुन्या कोडमध्ये की (किल्ली) म्हणजे पासवर्डचा एमडी५, म्हणजे ठरलेल्या लांबीचा ठसा, हॅश, आणि आयव्ही म्हणजे त्या एमडी५ चा परत एमडी५. हा तुकडा त्या काळात इंटरनेटवर जिकडेतिकडे होता, लोकांनी डोळे झाकून चिकटवलाय. पीएचपीचं एमडी५ फंक्शन ३२ अक्षरांची हेक्स स्ट्रिंग देतं, ती तशीच्या तशी ३२ बाइटची की म्हणून वापरली. म्हणजे दिसायला २५६ बिट, पण प्रत्येक बाइट सोळापैकीच एक असणार, म्हणजे निम्मी की हवेत. ते एक असो. मी आयव्हीची पहिली १६ बाइट घेतली आणि चालवलं. कचरा. दुसरी १६ घेतली. कचरा.

चहा प्यायल्यावर लक्षात आलं. जुना कोड पीएचपीच्या एमक्रिप्ट नावाच्या लायब्ररीने एन्क्रिप्ट करायचा. एमक्रिप्टमध्ये "रिजनडाल २५६" असं नाव आहे, आणि तिथला २५६ हा कीचा नाही, ब्लॉकचा, म्हणजे एका वेळी एन्क्रिप्ट होणाऱ्या तुकड्याचा आकार आहे. रिजनडाल हा डेमन आणि रायमन या दोन बेल्जियन लोकांनी बनवलेला अल्गोरिदम, त्यात ब्लॉक १२८, १९२ किंवा २५६ बिटचा घेता येतो. पण २००१ मध्ये अमेरिकेच्या निस्टने त्याला एईएस म्हणून स्टँडर्ड केलं तेव्हा ब्लॉक फक्त १२८ चाच ठेवला, की मात्र तिन्ही आकारांची चालते. म्हणजे एईएस २५६ मधला २५६ कीचा, आणि एमक्रिप्टमधला ब्लॉकचा. नाव सारखं, वस्तू वेगळी. मामांच्या दवाखान्यातलं "मिलिटरी ग्रेड एईएस" हे एईएसच नव्हतं! आणि एईएस नाही म्हणून ओपनएसएसएल या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या क्रिप्टो लायब्ररीला ते कळत नाही, आणि पायथॉनमधल्या नेहमीच्या क्रिप्टो लायब्रऱ्या एकतर ओपनएसएसएलच्या अंगावर उभ्या आहेत नाहीतर त्यांनाही फक्त खरं एईएसच येतं, त्यामुळे कुणालाच ते उलगडेना.

(एमक्रिप्टच्या खालची सी लायब्ररी २००७ नंतर कुणी हात लावलेली नाही. पीएचपी ७.१ ने ती वापरू नका म्हणून सांगितलं, ७.२ ने २०१७ मध्ये काढूनच टाकली आणि त्याच रिलीजमध्ये सोडियम ही नवी क्रिप्टो लायब्ररी आत घेतली. पांढऱ्या पानाचं कारण हेच.)

शहाण्या माणसाने इथे काय केलं असतं तर जुनं पीएचपी एका डॉकरमध्ये चालवून सगळा डेटा उलगडून सीएसव्हीत काढला असता, विषय संपला. मला खाज. डेबियनमध्ये एमक्रिप्टची सी लायब्ररी अजून पॅकेज म्हणून मिळते, पायथॉनमधून सीची फंक्शनं बोलवायला सीटाइप्स आहे, म्हणलं आपणच बाइंडिंग, म्हणजे दोघांमधला दुवा, लिहू, चार तर फंक्शनं आहेत. एक मोड्यूल उघडतं, एक की आणि आयव्ही देऊन तयार करतं, एक डिक्रिप्ट करतं, एक बंद करतं.

पहिल्याच रनला पायथॉन मेला. एक्सेप्शन नाही, ट्रेसबॅक नाही, टर्मिनलवर नुसतं सेगमेंटेशन फॉल्ट. पायथॉनवाल्यांना ही सवय नसते, आपल्याला वाटतं आपण काहीही चुकलो तरी भाषा समजावून सांगेल. सीटाइप्समध्ये फंक्शन काय परत देतं हे तुम्ही सांगितलं नाही तर तो गृहीत धरतो की इंट. इंट म्हणजे ३२ बिट. आणि मोड्यूल उघडणारं फंक्शन पॉइंटर देतं, ६४ बिटचा. वरचे ३२ बिट पडले वाटेत, उरलेला पत्ता घेऊन पुढचं फंक्शन भलत्याच घरात शिरलं. म्हणजे फ्लॅट नंबर बरोबर आणि सोसायटीच वेगळी. रेसटाइप आणि आर्गटाइप्स, म्हणजे फंक्शन काय परत देतं आणि काय घेतं ते, लिहिले, सेगफॉल्ट गेला.

मग दुसरं प्रकरण, जे मला जास्त आवडलं, म्हणजे आता आवडलं, तेव्हा नाही. पहिला रेकॉर्ड सुंदर उलगडला, आजाराचं नाव मराठीत स्क्रीनवर. दुसऱ्या रेकॉर्डपासून सुरुवातीची ३२ बाइट कचरा आणि पुढचं बरोबर. सीबीसी मोडमध्ये प्रत्येक ब्लॉक आधीच्या ब्लॉकवर अवलंबून असतो, आणि एमक्रिप्टचं हँडल मागचा ब्लॉक लक्षात ठेवतं, त्याला वाटतं तुम्ही एकच मोठी फाइल तुकड्यातुकड्यात देताय. प्रत्येक रेकॉर्डला परत नव्याने आयव्ही द्यायला लागतो. हे पीएचपीमधल्या फंक्शनने आतल्या आत केलेलं असायचं म्हणून कधी कुणाला कळलं नाही.

आणि तिसरं. मी एक डिक्शनरी ठेवली होती, सायफरटेक्स्ट ही तिची की आणि किती वेळा आला ते मोजणं. ते मोजणं चुकायला लागलं, आत्ता टाकलेली की आत्ता सापडेना. लॉग बघितला तर जिथे मी सायफरटेक्स्ट छापत होतो तिथे पेशंटचा आजार छापून येत होता. आई शप्पथ, दहा मिनिटं मी नुसता बघत बसलो. झालं होतं असं की एमक्रिप्टचं डिक्रिप्ट हे जागच्या जागी करतं, तुम्ही जी मेमरी देता तिच्यावरच उत्तर लिहून ठेवतं. आणि मी त्याला सरळ पायथॉनचा बाइट्स ऑब्जेक्ट दिला होता. बाइट्स बदलत नाही असं आपण पहिल्या आठवड्यात शिकतो. पायथॉनमधून बदलत नाही. सीला कुठे माहितीये? त्याला पत्ता मिळाला, त्याने लिहिलं. म्हणून अशा ठिकाणी क्रिएट स्ट्रिंग बफर वापरायचा, जो खरंच लिहिण्यासाठी असतो, आणि परत वाचताना डॉट व्हॅल्यू नाही तर डॉट रॉ घ्यायचं कारण व्हॅल्यू पहिल्या शून्य बाइटला थांबतं. आमच्या केसमध्ये व्हॅल्यूने चुकून बरोबर काम केलं असतं, कारण एमक्रिप्ट उरलेली जागा शून्यांनीच भरतं. पण चुकून बरोबर असलेल्या कोडवर पेशंटचे कागद ठेवायचे नाहीत एवढं मी ठरवलं.

पहिला शनिवार संपला. पण त्या मोजणीतून जे निघालं ते सांगतो. आयव्ही कायम एकच होता, सगळ्या रेकॉर्डला, चौदा वर्षं. आजाराच्या कॉलममध्ये ड्रॉपडाउनमधून आलेले ठरलेले शब्द. "मधुमेह" म्हणजे यूटीएफ-८ मध्ये सहा चिन्हं गुणिले तीन, १८ बाइट, पुढे शून्यं भरून ३२, एक ब्लॉक. त्याचं बेस६४, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत, होतं ४४ अक्षरांचं. आणि ती ४४ अक्षरं प्रत्येक मधुमेहाच्या पेशंटला तंतोतंत तीच! की लागतच नाही, एक ग्रुप बाय मारा आणि गावात साखरेचे किती, बीपीचे किती, सगळं समोर, आणि नावं शेजारच्या कॉलममध्ये उघडीच. तुमचा एक ओळखीचा मधुमेही पेशंट माहीत असला की बाकी सगळे कळले. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अरे पण ते इंग्रजीत दिसायचं ना सगळं, कुणाला काय कळतंय."

दुसरा शनिवार नवीन बाजूचा. इथे मी पायनॅकल घेतलं. डॅनियल बर्नस्टीन, तान्या लांगे आणि पीटर श्वाबे यांची नॅकल नावाची लायब्ररी, म्हणजे मीठ, त्यावरून फ्रँक डेनिसने २०१३ मध्ये केलेलं लिबसोडियम, आणि त्याच्यावर पायथॉनचं बाइंडिंग पायनॅकल. मला हे का आवडतं तर त्यात निवड करायला फार ठेवलेलंच नाही. मोड कुठला, पॅडिंग कुठलं, हॅश कुठला, असलं काही विचारत नाही. सीक्रेटबॉक्सला ३२ बाइटची की द्या, मजकूर द्या, ते स्वतः २४ बाइटचा नॉन्स, म्हणजे दर वेळी नवा असावा लागतो तो आकडा, यादृच्छिक काढतं, १६ बाइटचा शिक्का लावतं, म्हणजे मूळ मजकुरापेक्षा ४० बाइट जास्त, बस. कुणी मधलं एक बिट हलवलं तरी उघडताना एक्सेप्शन येतं.

हे एक्सेप्शन येणं ही बाइंडिंगची खरी कमाई आहे, असं माझं मत आहे. सीमध्ये तेच फंक्शन -१ परत देतं आणि गप्प बसतं. ते तपासायचं की नाही ही तुमची मर्जी. आता पायथॉनमध्ये -१ हे खरं धरलं जातं, शून्य सोडून सगळे आकडे खरे, म्हणजे मी सीटाइप्सने स्वतः बाइंडिंग लिहून "उघडलं का" असं नुसतं इफने विचारलं असतं तर न उघडलेल्या पेटीला हो उत्तर आलं असतं. हे काल्पनिक वाटत असेल तर ओपनएसएसएलचीच गोष्ट बघा. त्यांचं सही तपासणारं फंक्शन बरोबर असेल तर १, चूक असेल तर ०, आणि तपासताच आलं नाही तर -१ द्यायचं. खुद्द ओपनएसएसएलच्याच कोडमध्ये आणि बाहेरच्या बऱ्याच प्रोग्राममध्ये फक्त शून्य आहे का एवढं बघितलं जायचं, त्यामुळे मुद्दाम बिघडवलेली सही -१ घेऊन आत जायची. २००९ च्या जानेवारीत ते जाहीर झालं. तो कोड लिहिणारी माणसं माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. त्यामुळे पहिल्या शनिवारचं माझं एमक्रिप्टचं बाइंडिंग मी एकदाच चालवून फेकून देणार होतो, गिटहबवर "कुणाला उपयोग होईल" म्हणून टाकण्याचा मोह झाला होता, टाकलं नाही.

सीक्रेटबॉक्समध्ये एक कमी वाटली. समजा कुणाला डेटाबेसमध्ये लिहिता येतंय, तर तो एका पेशंटचं टिपण उचलून दुसऱ्याच्या ओळीत ठेवू शकतो. शिक्का बरोबर आहे, पेटी उघडते, पण पेशंट चुकीचा. त्यासाठी एईएडी वापरायचं, म्हणजे मजकुरासोबत एक उघडी माहितीपण शिक्क्यात बांधायची. मी पेशंट नंबर आणि कॉलमचं नाव बांधलं. पायनॅकलच्या खालच्या थरात एक्स चाचा२० पॉली१३०५ आहे, तेच घेतलं, त्याचाही नॉन्स २४ बाइटचा. एईएस-जीसीएमपण चाललं असतं, पण त्याचा नॉन्स १२ बाइटचा, आणि तो दोनदा वापरला गेला की जीसीएममध्ये नुसता मजकूर नाही, शिक्काच बनवता येतो समोरच्याला. २४ बाइट यादृच्छिक काढले की मला रात्री झोप लागते.

मग रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन आला, मामांनीच जोडून दिला. "मोबाइल नंबर टाकून शोधता येईल ना?" जुन्यात यायचं. का यायचं तर आयव्ही एकच होता, त्यामुळे शोधायचा नंबर एन्क्रिप्ट केला की तेच उत्तर यायचं, ते जुळवलं की झालं. म्हणजे जो दोष तोच सोय होती! आता प्रत्येक वेळी वेगळं येणार. नुसता शा-२५६ हॅश शेजारच्या कॉलममध्ये ठेवावा का, तर नाही, कारण भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. ऐकायला खूप, पण साध्या लॅपटॉपलासुद्धा तेवढे हॅश करून बघायला फार वेळ लागत नाही. म्हणून की असलेला हॅश पाहिजे. पायथॉनच्या हॅशलिबमध्ये ब्लेक२बी आहे, त्याला की देता येते, वेगळी की दिली, एन्क्रिप्शनची नाही, आणि त्या आधी नंबरमधली स्पेस, +९१, सुरुवातीचा शून्य सगळं काढलं. ताईंचं काम झालं. एकाच घरातल्या चार जणांचा नंबर एकच असेल तर ते चौघं जुळलेले दिसणार, एवढी माहिती फुटते, ती मी मामांना सांगितली, ते म्हणाले ते तर सगळ्या पेठेला माहितीये.

इन्स्टॉलच्या रडगाण्यात फार शिरत नाही. फक्त एक. पिपने (पायथॉनचा पॅकेज इन्स्टॉलर) आलेली क्रिप्टोग्राफी नावाची लायब्ररी आपल्या व्हीलमध्ये, म्हणजे तयार बांधलेल्या पॅकेजमध्ये, स्वतःचं ओपनएसएसएल घेऊन येते. तुम्ही सर्व्हरवर ॲप्ट अपग्रेड मारून ओपनएसएसएल ताजं केलं आणि निवांत झालात तर त्या व्हीलमधलं जुनंच राहतं, ते पिपनेच बदलायला लागतं. पायनॅकलचंही तसंच, लिबसोडियम आतच. सोय आहे, पण मग कॅलेंडरमध्ये नोंद करा. नाहीतर मग २०२१ च्या फेब्रुवारीसारखं होतं, त्या क्रिप्टोग्राफीच्या ३.४ मध्ये रस्ट आलं आणि जिथे जिथे जुनं पिप होतं किंवा अल्पाइन लिनक्स होतं तिथे व्हील न मिळाल्याने ते सोर्समधून बांधायला जाऊन रस्ट कंपायलर नाही म्हणून पडायला लागलं. माझा एक बिल्ड त्यात रात्री पडला होता. शिव्या मीपण दिल्या, पण मेमरी सांभाळणारी भाषा नेमकी तिथेच हवी हे पटतंय मला आता, विशेषतः स्वतःचा बाइट्स ऑब्जेक्ट डोळ्यादेखत बदललेला बघितल्यावर.

तिसऱ्या शनिवारी कऱ्हाडला गेलो. स्वारगेटहून पहाटेची एसटी, मामींचे पोहे, आणि मग बसलो. बॅकअप रोज रात्री बाहेर जाणार, तो पासफ्रेजने बंद करायचा. पासफ्रेजवरून की काढायला आर्गॉन२, जो २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा जिंकला, तो पायनॅकलमध्ये आहेच. मॉडरेट सेटिंग ठेवलं, ते २५६ एमबी मेमरी घेतं, लॅपटॉपवर काही वाटलं नाही, पण बॅकअप जिथे जातो त्या ५१२ एमबीच्या स्वस्तातल्या सर्व्हरवर तपासायला चालवलं की लिनक्सने प्रोसेस सरळ मारून टाकली. ६४ एमबीवर आणलं आणि कुठलं सेटिंग वापरलंय ते सॉल्टसोबत (की काढताना मिसळायची यादृच्छिक बाइट) फाइलच्या सुरुवातीला लिहून ठेवलं, नाहीतर पाच वर्षांनी कुणाला आठवणार.

मामांना म्हणलं पासफ्रेज मराठीत ठेवा, लांब ठेवा, लक्षात राहील असं. त्यांनी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर टाइप केलं, मी बॅकअप घेतला. मग म्हणलं आता फोनवरून टाकून बघा. नाही उघडलं. परत टाकलं. नाही. मामा चिडले, "माझंच वाक्य मला नाही का माहीत?" मी मागे उभा राहून बघितलं, अक्षर न् अक्षर तेच. खरं वाक्य सांगत नाही, पण त्यात गावाचं नाव होतं. कऱ्हाड.

तो आडवा ऱ्ह. दिसायला एकच, पण आत तीन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. पहिल्या प्रकारात कऱ्हाड होतो १८ बाइट, बाकी दोन्हींत २१. डोळ्यांना एक शब्द, आर्गॉन२ ला तीन, आणि तीन वेगळ्या किल्ल्या. दवाखान्याचा कीबोर्ड एक करत होता, फोनचा दुसरं. अशा वेळी सगळे सांगतात युनिकोड नॉर्मलायझेशन करा, एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणायची, पायथॉनमध्ये एक ओळ. केलं. त्याने पहिला आणि दुसरा प्रकार एक केला. तिसरा तसाच, कारण युनिकोडच्या लेखी झेडडब्ल्यूजेवाला र आणि ऱ यांचं काही नातंच नाही. ॲचंही तेच, ॲ हे एक चिन्ह २००८ मध्ये आलं, त्याच्या आधीपासून लोक अ वर चंद्र देऊन लिहितायत, आणि एनएफसी त्या दोघांना एकत्र आणत नाही. शेवटी चार ओळींचं आमचं मराठी नॉर्मलायझेशन लिहिलं: आधी एनएफसी, मग र-हलन्त-झेडडब्ल्यूजे असेल तिथे ऱ-हलन्त, मग उरलेली न दिसणारी चिन्हं काढून टाकायची, मग अ-चंद्र असेल तिथे ॲ. आता कुठूनही टाका, उघडतं. हे कुठल्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मला सापडलं नाही, आणि सापडेल तरी कसं, बाइट द्या म्हणतात ते, बाइट कसे बनवायचे हा आपला प्रश्न. पासफ्रेजमध्ये दुसऱ्या, सुऱ्या, कोपऱ्यात, वाऱ्यावर असं काही असेल तर एकदा दोन कीबोर्डवरून तपासून बघा राव.

मग शेवटचं. सगळा डेटा हलवला, नऊ हजारांच्या वर टिपणं, आणि ४१ पडली. एरर क्रिप्टोची नव्हतीच, बेस६४ ची होती, पॅडिंग चुकलंय म्हणून. मोजलं तर ती ४१ च्या ४१ बरोबर २५५ अक्षरांची. कॉलम बघितला, व्हारचार २५५, म्हणजे जास्तीत जास्त २५५ अक्षरं. आता ब्लॉक ३२ बाइटचा, सहा ब्लॉक म्हणजे १९२ बाइट, त्याचं बेस६४ होतं २५६ अक्षरं. एक अक्षर बसत नाही! जुन्या मायएसक्यूएलने ते गुपचूप कापलं, पीएचपीने कापलेलं गुपचूप उलगडलं, शून्यांनी भरलं, आणि शेवटच्या ब्लॉकचा कचरा स्क्रीनवर दाखवला. मी मामांना विचारलं, लांब टिपणांच्या शेवटी काही विचित्र दिसायचं का? "हां, ते चौकोन चौकोन? तो फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, पहिल्यापासून आहे."

पण एकच अक्षर गेलंय ना. बेस६४ चं एक अक्षर म्हणजे सहा बिट, ६४ शक्यता. प्रत्येक लावून बघायची, चुकीचं असेल तर शेवटची ३२ बाइट पूर्ण कचरा निघणार आणि कचरा कधी धड यूटीएफ-८ नसतो. ६४ पैकी एकच वाचता येणार. आणि हे जमलं कारण जुन्या पद्धतीत शिक्का नव्हताच, नव्या पद्धतीत एक अक्षर कापलं असतं तर पेटीने तोंडच उघडलं नसतं. दहा ओळींचा लूप लिहिला. २९ टिपणं पूर्ण परत आली. बाकीची १२ आणखी लांब होती, त्यांची १९२ बाइटपर्यंतची मिळाली, पुढचं गेलं ते गेलं.

मामा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि एकेक वाचायला लागले. एक होतं बरोबर १९२ बाइटचं, शून्य एकपण नाही, आणि त्याचा हरवलेला शेवटचा ब्लॉक होता, "लोणचं चालूच." मोजा हवं तर, स्पेस आणि पूर्णविराम धरून बरोबर ३२ बाइट. वरच्या पाच ब्लॉकमध्ये पथ्याची लांबण. इतकी वर्षं मामांना तिथे चौकोन दिसत होते.

मामा म्हणाले, "हा अजून येतो." मग चष्मा काढून पुसला. "आणि अजून चालूच आहे त्याचं."